बंदरावर साखळदंडात बसलेले ते चौघे कोण? एका जुन्या चित्राची गोष्ट

पोल्ट्रीवाल्यांना ‘लेगहॉर्न’ हे नाव सांगायला नको. पांढरी, भरपूर अंडी देणारी कोंबडी. पण लेगहॉर्न हे मुळात एका बंदराचं नाव आहे. इटलीतल्या लिव्होर्नो शहराला इंग्रज लेगहॉर्न म्हणायचे, तेच नाव तिथल्या कोंबडीलाही चिकटलं.

याच बंदराची सहा चित्रं फ्लॉरेन्सच्या स्टेफानो देल्ला बेल्ला या कलाकाराने १६५४-५५ च्या सुमारास केली. त्यातलं एक आजही बघणाऱ्याला थांबवतं. मागे जहाजं, आसपास माणसं आणि मध्येच उंच चौथऱ्यावर एका राजाचा पुतळा. चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांना चार माणसं. उघडी अंगं, हात मागे, साखळदंड.

हे चित्र म्हणजे एचिंग. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र कोरायचं आणि पत्रा आम्लात बुडवायचा. जिथे थर खरवडला गेलाय तेवढंच तांबं आम्ल खातं. मग त्या रेघांत शाई भरून ओलसर कागदावर छाप घ्यायचा. छाप उलटा येतो, त्यामुळे चित्र आधीच आरशातल्यासारखं उलटं काढावं लागतं. एवढी खटपट का? कारण एका पत्र्यावरून कितीतरी प्रती निघतात. पुतळा जागचा हलत नाही, त्याचं चित्र मात्र गावोगाव फिरतं. त्या काळातलं फॉरवर्डच म्हणा.

वर राजा, खाली कोण?

वर उभा आहे टस्कनीचा ग्रँड ड्यूक फर्डिनांडो पहिला, मेदिची घराण्यातला. त्याच्या अंगावर संत स्टीफनच्या लढवय्या संघाचा पोशाख आहे. या संघाची गलबतं भूमध्य समुद्रात ऑटोमन आणि उत्तर आफ्रिकेच्या जहाजांवर हल्ले करायची आणि माणसं पकडून आणायची. पकडलेल्यांना गुलाम करून वल्ही मारायला बसवलं जाई. समोरची बाजूही हेच करत होती. अल्जियर्स, ट्युनिसमध्ये हजारो ख्रिस्ती कैदी होते.

पुतळ्याखालच्या चार ब्राँझच्या आकृत्या शिल्पकार पिएत्रो ताक्काने १६२० च्या दशकात घडवल्या. त्यासाठी तो लिव्होर्नोतल्या गुलामांच्या कोठडीत गेला आणि खऱ्या माणसांना समोर बसवून त्याने नमुने केले. म्हणून ते चेहरे एकसारखे नाहीत. एक तरुण, एक म्हातारा. हरलेल्या शत्रूचं ठरावीक चिन्ह बनवायचं होतं, झाली माणसांची चित्रं.

गंमत म्हणजे (गंमत तरी कशी म्हणावी) याच फर्डिनांडोने १५९१ आणि १५९३ मध्ये जाहीरनामे काढून ज्यू, तुर्क, आर्मेनियन, पर्शियन अशा सगळ्या व्यापाऱ्यांना लिव्होर्नोत बोलावलं होतं. या, राहा, धंदा करा, धर्मावरून कुणी छळणार नाही. आमंत्रण कागदावरचं नव्हतं, लोक खरंच आले. तिथल्या ज्यू व्यापाऱ्यांचे धागे पुढे थेट गोव्यापर्यंत पोचले. १८ व्या शतकात ते भूमध्य समुद्रातलं पोवळं लिस्बनमार्गे गोव्याला पाठवत आणि बदल्यात हिरे मागवत. गोव्यातला त्यांचा व्यवहार सारस्वत व्यापाऱ्यांशी होता. एकमेकांची तोंडं न बघता, नुसत्या पत्रांवर.

म्हणजे एकाच धक्क्यावर एक तुर्क पाहुणा म्हणून उतरत होता आणि दुसरा बेड्यांत. फरक इतकाच की एकाकडे माल होता आणि दुसरा स्वतःच माल होता.

देल्ला बेल्लाने हे टीका म्हणून काढलं असं मानायला आधार नाही. मेदिचींचा आश्रय त्याला होता. त्याने बंदर जसं दिसलं तसं रेखाटलं, आणि दिसण्यात ते चौघेही होते.

स्मारक आजही लिव्होर्नोच्या पियाझ्झा मिकेली चौकात आहे. अधिकृतपणे ते फर्डिनांडोचं, पण शहरात त्याला म्हणतात ‘क्वात्रो मोरी’, म्हणजे चार मूर. त्या चौघांपैकी एकाचं, मोर्जानो असं नाव जुन्या लिखाणात सापडतं.