कॅमेरा टिकतो, फिल्म सरते

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात पार्सन्स नावाचे एक लहानसे शहर आहे. २०१० सालच्या डिसेंबरअखेरीस तेथील ‘ड्वेन्स फोटो’ या प्रयोगशाळेकडे देशोदेशींहून रोल येत होते. कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म धुऊन देणारी जगातील ती अखेरची प्रयोगशाळा, आणि ३० डिसेंबर हा रोल स्वीकारण्याचा अखेरचा दिवस होता. कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेले रोल लोकांनी घाईघाईने धाडले. ज्यांना उशीर झाला त्यांचे रोल आजही शाबूत असतील, कॅमेरेही चालत असतील. परंतु त्या रोलांतील रंग आता कोणालाही बाहेर काढता येणार नाहीत.

जुन्या कॅमेऱ्यांचा छंद दीर्घकाळ जोपासू इच्छिणाऱ्याने ही हकिकत ध्यानी घ्यावी. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर कॅमेरा ही स्थिर मालमत्ता आणि फिल्म हे खेळते भांडवल. पहिली वारशाने मिळू शकते. दुसरे कोणत्या तरी कारखान्यातून सतत येत राहावे लागते.

कोडॅक्रोम १९३५ साली बाजारात आली. लिओपोल्ड मॅन्स आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे तिचे दोघे जनक व्यवसायाने संगीतकार होते, ही मौजेची गोष्ट. इतर रंगीत फिल्मांत रंग निर्माण करणारी द्रव्ये फिल्मच्या थरांतच असतात. कोडॅक्रोममध्ये ती नसत. फिल्म धुताना एकेका थरात रंग भरावा लागे. त्यामुळे तिची चित्रे रेखीव येत आणि अंधारात जपून ठेवल्यास दशकानुदशके फिकी पडत नसत. परंतु याच कारणाने ती धुण्याचे काम फार किचकट होते, आणि तेच पुढे तिला भोवले. डिजिटल कॅमेरे आल्यावर मागणी घटली आणि २००९ साली, ७४ वर्षांनंतर, कोडॅकने तिचे उत्पादन थांबविल्याचे जाहीर केले. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना देण्यात आला. त्या ३६ चित्रांपैकी काही त्यांनी भारतात घेतली. त्यांत हिंदी चित्रसृष्टीतील व्यक्ती आहेत, तसेच राजस्थानातील रबारी लोकही आहेत.

याउलट कॅमेऱ्यांचे आयुष्य पाहावे. १९२९ साली आलेला रोलीफ्लेक्स किंवा १९५४ चा लायका एम-३ यांना बॅटरी लागत नाही. दाते, कमानी आणि भिंगे एवढाच त्यांचा संसार. भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला रोलीफ्लेक्स वापरीत. आपल्याकडील कित्येक मध्यमवर्गीय घरांनी अ‍ॅग्फा क्लिक-३ वर समाधान मानले. एका रोलमध्ये बाराच चित्रे येत, त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी सारे कुटुंब श्वास रोखून उभे राहत असे. या छंदातील खरा आनंद बहुधा त्या संयमातच आहे.

ज्याला हा आनंद टिकवायचा आहे त्याने कृष्णधवल फिल्मची वाट धरणे शहाणपणाचे. १९५४ पासून पस्तीस मिलिमीटरमध्ये मिळणारी कोडॅकची ट्राय-एक्स किंवा इल्फर्डची एचपी-५ प्लस घरच्या न्हाणीघरातही धुता येते. डेव्हलपर, फिक्सर, थर्मामीटर आणि प्रकाश आत न शिरणारी टाकी एवढी सामग्री पुरते. म्हणजे एखादी प्रयोगशाळा बंद पडली म्हणून छंद बंद पडत नाही. तिखट, अतिसंवेदी किंवा इन्फ्रारेड फिल्मांची गंमत निराळी; पण त्या केव्हा नाहीशा होतील याचा भरवसा धरू नये.

येथे एक गोष्ट जैन वाचकांपासून लपविणे योग्य नव्हे. फिल्मवरील चांदीचे क्षार ज्या जिलेटिनमध्ये धरून ठेवलेले असतात ते जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून तयार होते. शंभराहून अधिक वर्षे उलटली तरी त्याला तोडीचा पर्याय रुळलेला नाही. नवा रोल घ्यावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पूर्वी काढून ठेवलेल्या रोलांचा प्रश्न मात्र वेगळा आहे; ते धुऊन घेण्यात दिरंगाई करू नये.

कोकणपट्टीच्या दमट हवेत भिंगाला बुरशी फार लवकर धरते. कॅमेरा चामड्याच्या पेटीत कोंडून ठेवण्यापेक्षा सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा आणि महिन्यातून एकदा रिकामेच शटर चालवावे. न वापरलेली फिल्म शीतकपाटात राहते, मात्र बाहेर काढल्यावर तासाभराने वेष्टन उघडावे, अन्यथा तिच्यावर दव धरते. वडिलांच्या ट्रंकेत न धुतलेला रोल सापडला तर प्रथम त्याच्या नळीवरील अक्षरे वाचावीत. ‘सी-४१’ असे असेल तर मोठ्या शहरांत तो रंगीत धुऊन मिळतो. ‘के-१४’ असेल तर तो कोडॅक्रोम. त्यातून आता फार तर कृष्णधवल चेहरे उमटतील.