बिडीच्या सुपाशेजारची मुलगी

गोंदिया जिल्ह्यातल्या बिडी कामगाराच्या घरात चूल, अंथरूण, दप्तर आणि बिडीचे सूप बहुधा एकाच खोलीत असते. धान हे इथले मुख्य पीक. रोवणी आणि कापणी उरकली की शेतात मजुरी फारशी उरत नाही. भोवतालच्या जंगलातले तेंदूपान आणि हावडा-मुंबई रेल्वेमार्ग यांमुळे विसाव्या शतकात गोंदिया बिडीधंद्याचे मोठे केंद्र बनले, आणि ते काम घराघरांत शिरले.

मजुरी हजार बिड्यांमागे मिळते. त्यामुळे जितके हात, तितका हजाराचा आकडा लवकर गाठला जातो. माय भिजवलेले पान कापते, तंबाखू भरून बिडी वळते. मुलगी शेजारी बसून बिड्यांची तोंडे मोडते, बंडले बांधते. एप्रिल-मेमध्ये पहाटेच जंगलात जाऊन तेंदूपान तोडायचे आणि सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, त्यातही तिचा वाटा असतो. हिशेब मात्र मायच्या नावावर होतो. मुलीचे श्रम कुठेच लिहिले जात नाहीत. १९८६च्या बालमजुरी कायद्याने बिडीकामावर मुले ठेवण्यास बंदी केली, पण कुटुंबातल्या कामाला सूट दिली. त्या सुटीचा भार मुलींवरच अधिक पडला, कारण घरातले काम मुलीचेच मानले जाते.

या मुलीला हवी असते अभ्यासाला निवांत जागा, तंबाखूचा वास नसलेली खोली, दहावीनंतरही शिकण्याची मुभा. सँड्रा सिस्नेरोस यांच्या ‘द हाऊस ऑन मँगो स्ट्रीट’ (१९८४) या पुस्तकातली शिकागोच्या गरीब वस्तीतली मेक्सिकन-अमेरिकन मुलगी एस्पेरान्झाही स्वतःच्या घरासाठीच झुरते.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. त्याने शाळेचे अंतर कमी झाले, पण घरी परतल्यावर सूप तिथेच असते. बिडी कामगारांसाठी १९७६च्या कायद्याने कल्याण निधी उभारला. त्यातून मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली, घरबांधणीला मदत मिळू लागली. २०१६च्या योजनेत ही मदत दीड लाख रुपयांची होती. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि या निधीसाठी बिडीवर घेतला जाणारा उपकर बंद झाला. शिष्यवृत्ती मात्र सुरू राहिली. तिच्यासाठी आई किंवा वडिलांचे बिडी कामगार ओळखपत्र लागते, अर्जही ऑनलाइन भरावा लागतो. कार्डच नसेल तर मुलीचा हक्क तिथेच अडतो. गावातल्या शिक्षकांनी दरवर्षी शाळा सुरू होताच प्रत्येक बिडी कामगार कुटुंबाच्या कार्डाची चौकशी करावी आणि मुलीचा अर्ज शाळेतच भरून द्यावा.