‘गारवा’ : आधी बोल, मग सूर

गाणे लोकप्रिय झाले की ते उथळच असणार, असे मानणारी मंडळी आपल्या जुन्या घरांतून अजून पुष्कळ आहेत. दरबारी गायकाच्या घरात वाढल्यामुळे माझ्याही कानांवर तोच संस्कार झाला. तथापि १९९८ साली निघालेल्या ‘गारवा’ या ध्वनिफितीला तो न्याय लावता येत नाही. तरुणांनी ती डोक्यावर घेतली, हे खरे. परंतु तिच्या यशाचे मूळ आपल्या फार जुन्या परंपरेत आहे.

‘गारवा’चे संगीत आणि गायन मिलिंद इंगळे यांचे. त्यांचे ‘ये है प्रेम’ हे हिंदी पॉप गीतही त्याच सुमारास दूरचित्रवाणीवर गाजत होते. काव्य ‘सौमित्र’ यांचे, म्हणजेच नट किशोर कदम यांचे. विषय पावसाचा आणि प्रेमाचा. त्यात नवे काही नाही. नवे वाटले ते एवढेच, की गाण्याआधी कवितेचे बोल साध्या बोलण्याच्या आवाजात ऐकू येत आणि मागाहून सूर लागे.

पण हे खरोखर नवे होते काय? आपले कीर्तनकार पिढ्यान् पिढ्या दुसरे काय करीत आले? पूर्वरंगात निरूपण करावयाचे, शब्दाची फोड करावयाची आणि श्रोत्याचे मन तयार झाले की पद उचलावयाचे. मध्यंतरी हा धागा तुटला, त्याला यंत्रही कारण झाले. जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मिळत. त्यात गाणेच कसेबसे बसे, निवेदनाला जागा कोठली? ‘गीतरामायणा’च्या कार्यक्रमांत सुधीर फडके गाण्यांमधून निवेदन करीत, कारण तेथे वेळ हाताशी होता. पुढे कॅसेटने ती सवड घरोघरी आणली. ‘गारवा’ने तिचा नेमका उपयोग केला.

याचे मोल मला कळते ते शिकवणीत. पांढुर्णा जिल्ह्यातील सौंसर तालुक्यात जामसांवली हे गाव आहे. तेथील निद्रिस्त हनुमानाच्या दर्शनास नागपूरकडूनही भाविक जातात. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. घरात मराठी, शाळेत हिंदी, अशी तेथील अनेक मुलांची स्थिती. त्या बाजूची काही मुले माझ्याकडे शिकतात. त्यांचा गळा गोड, कान तयार. पण मराठी गीत गाताना शब्द कोठे संपतो, हे त्यांना उमगत नाही. ‘पाऊस’ शब्दातला ‘ऊ’ चार मात्रा लांबला की ‘स’ पुढच्या शब्दाला जाऊन चिकटतो. चाल पाठ होते, अर्थ मात्र हाती लागत नाही.

म्हणून मी पेटी मिटून ठेवतो आणि सबंध कविता आधी बोलावयास लावतो. एकदा शब्द जिभेवर बसला, की स्वर त्याला मोडीत नाही. ‘गारवा’ ऐकवली की हे मुलांस न सांगता कळते.

आता कॅसेटचे दिवस गेले. कॅसेटवर निवेदन टाळावयाचे तर बटण दाबून अंदाजाने फीत पुढे पळवावी लागे. तो त्रास नको म्हणून लोक ऐकत. आता बोटाच्या एका स्पर्शाने बोल वगळून थेट गाण्यावर जाता येते. सोय झाली खरी, पण सीमेवरच्या घरात त्या सोयीची किंमत मुलांच्या मराठीने मोजावी लागते. शाळा जे देत नाही, ते गाण्याआधीचे हे दोन मिनिटांचे बोल देऊ शकतात.

तेव्हा यंदाच्या पावसाळ्यात ‘गारवा’ लावाल, तेव्हा नातवंडांना जवळ बसवा आणि बोल वगळू नका. गाणे थांबल्यावर ती कविता त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या. सुराची चिंता नको. तो मागाहून येतो.