पाणमोट फुटली, कळा नाहीत; मग सकाळपर्यंत थांबायचं का?

नववा महिना लागलेला, रात्री अंथरूण ओलं झालं, पण कळा नाहीत. अशा वेळी आपल्याकडं पुष्कळ घरांत म्हणतात, "कळा येऊ द्या, सकाळी बघू." आज आपण या "सकाळी बघू"बद्दलच बोलणार आहोत.

बाळ पोटात पाण्यानं भरलेल्या पिशवीत असतं. ती पाणमोट, आतलं पाणी म्हणजे गर्भजल. खालच्या वाटेत जंतू प्रत्येक बाईच्या असतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पिशवी शाबूत असते तोवर ते सहसा वर जात नाहीत. पिशवी फुटली की वाट मोकळी होते. जंतू गर्भजलात वाढतात, आणि तेच पाणी बाळ गिळत असतं, फुप्फुसात ओढत असतं. जितके तास जातील तितका धोका वाढतो. १८ तास उलटले असतील तर जन्मानंतर डॉक्टर बाळाकडं जास्तच बारकाईनं बघतात.

पाणी दर वेळी भसकन जात नाही. थेंब थेंब गळतं, आणि बाईला वाटतं लघवी सुटली किंवा धुपणी आहे. लघवी करून या, स्वच्छ कोरडी घडी घ्या, थोडं पडून उठा. घडी ओली झाली आणि लघवीचा वास नसला, तर पाणीच जातंय असं धरून निघा. शंका असली तरी निघा.

संसर्ग झाला की आईला ताप येतो, छाती धडधडते, ओटीपोट दाबलं की दुखतं, पाण्याला घाण वास येतो. बाळाला न्यूमोनिया होतो, जंतू रक्तात भिनतात. कधी बाळ पोटातच दगावतं. बाळंतपणात आईचं रक्त जास्त जाऊ शकतं. आणि कधी पाणमोट न फुटता, ताप न येताही आत संसर्ग असतो, त्यानं दिवस भरायच्या आधीच कळा सुरू होतात. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात कळा आल्या तर त्या अंगावर काढू नयेत.

अंगावर काढायची आपली सवय जुनी आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ साली तो अभ्यास छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना खालच्या अंगाचा काही ना काही आजार होता, आणि आधी तपासून घेतलेल्या शंभरात आठसुद्धा नव्हत्या!

आपल्या परभणीच्या उन्हात "उन्हाळी लागली" हे तर रोजचंच. धण्याचं पाणी पिऊन बाई परत रानात जाते. आडोसा नाही म्हणून दिवसभर लघवी दाबते. गरोदरपणी ही जळजळ म्हणजे लघवीतला संसर्ग असू शकतो, आणि त्यानंही कळा लवकर येऊ शकतात. धण्याचं पाणी खुशाल प्या, पण लघवी तपासून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी फुकट असते.

पाणी गेलं की वेळ आणि रंग लक्षात ठेवा. हिरवं पाणी म्हणजे बाळानं आत शी केली. आत कापूस-कापड घालू नका, घरी कुणाला हात घालून तपासू देऊ नका. १०२ किंवा १०८ ला फोन करा, माता-बाल कार्ड बरोबर घ्या. ऊसतोडीला गेलेल्या सख्यांनी ते फडावरही जवळ ठेवावं. दवाखान्यात शिरेतून जंतुनाशक औषध देतात. दिवस कमी असतील तर बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन देतात. संसर्ग झाला म्हणून सिझेरियनच होतं, असं नाही.

घरी आल्यावर आशाताई बाळाला बघायला येतात. पाणी किती तास आधी गेलं होतं, ते त्यांना आठवणीनं सांगा. मधल्या दिवसांत बाळ ओढून पीत नसलं, गार किंवा तापलेलं लागलं, भराभर श्वास घेत असलं, तर आशाताईंच्या फेरीची वाट न बघता त्याच वेळी दवाखाना गाठा.