साथ सरली, घर मिळाले नाही

आमच्या जयपूरचा ‘राजस्थान युनायटेड’ हा क्लब ऑक्टोबर २०२१ मध्ये पात्रता स्पर्धा जिंकून आय-लीगमध्ये दाखल झाला. क्रिकेटवेड्या या शहरात फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या आम्हा मोजक्या पाठिराख्यांसाठी तो सणच होता. पण तो पडद्यापुढे बसूनच साजरा करावा लागला. महासाथीमुळे सारी लीग पश्चिम बंगालमध्ये जैवसुरक्षा परिघात खेळवण्यात आली. डिसेंबरअखेर ती सुरू झाली आणि संघांमध्येच संसर्ग आढळल्याने पहिल्याच आठवड्यात थांबली, ती थेट मार्चपर्यंत.

हे निर्बंध योग्यच होते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात प्राणवायूसाठी लागलेल्या रांगा ज्याने पाहिल्या, त्याने रिकाम्या स्टेडियमबद्दल कुरकुरू नये. माझी तक्रार त्यापुढची आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ड्युरँड चषकात आमच्या संघाने एटीके मोहन बागानला ३-२ असे नमवले, ते कोलकात्यात. साथ ओसरल्यानंतरच्या २०२२-२३च्या आय-लीगमध्ये ‘घरचे’ मैदान होते दिल्लीचे आंबेडकर स्टेडियम.

विषाणूने तात्पुरते हिरावलेले धोरणात्मक अनास्थेने लांबवले. राज्यघटनेनुसार क्रीडा हा राज्यसूचीतील विषय आहे. तेव्हा पदकविजेत्यांना बक्षिसे देण्याइतकेच शहरात फुटबॉलयोग्य सार्वजनिक मैदान राखणे हेही राज्याचे कर्तव्य ठरते. जर्मनीत ‘५०+१’ नियमामुळे बहुतेक क्लबांत मतांचे बहुमत सदस्यांकडे असते. आम्ही मताधिकार मागत नाही. आपल्याच शहरात बसायला एक जागा मागतो आहोत.