कटिंग मशीन : धार पात्याला हवी, धोका बोटांना नको

तयार कपड्यांच्या धंद्यात आता कात्रीवर भागत नाही. धारावी, उल्हासनगर, सोलापूर येथील लहान कारखान्यांतही कापडाचे थर लावून विजेच्या मशीनने कटिंग होते. मशीन वेळ वाचवते. पण जे पाते एका दमात शंभर थर कापते, त्याला बोट कापायला क्षणही लागत नाही. म्हणून व्यापारी बंधूंनी पुढील गोष्टी कारीगरांना नीट समजावून द्याव्यात.

ही मशीन मुख्यतः दोन प्रकारची असते. उभ्या पात्याच्या मशीनचे पाते वर-खाली चालते. ती उंच थरांसाठी आहे. गोल पात्याची मशीन थोड्या थरांसाठी. उभ्या पात्याचे माप ६, ८, १० इंच असे असते. थर पात्यापेक्षा किमान दोन इंच कमी ठेवावा. म्हणजे ८ इंची पात्याला ६ इंचांपर्यंत.

पात्यापुढे बोटांच्या रक्षणासाठी गार्ड असतो. तो थराला लागेल इतका खाली आणूनच कटिंग सुरू करावे. ‘गार्डमुळे रेघ दिसत नाही’ म्हणून अनेक ठिकाणी तो वर बांधून ठेवतात किंवा काढून टाकतात. अपघाताची सुरुवात तेथूनच होते. एक हात मशीनच्या मुठीवर, तर दुसरा कापड दाबण्यासाठी पात्याजवळ असतो. त्या हातात बारीक पोलादी कड्यांचा हातमोजा घालावा. साधा सुती मोजा पात्याला अडवत नाही.

बोथट पाते धारदार पात्यापेक्षा जास्त धोक्याचे आहे. ते कापड ओढते, कारीगर जोर लावतो आणि हात घसरतो. शिवाय घर्षणाने पाते तापून पॉलिस्टरच्या कडा वितळतात व एकमेकींना चिकटतात. म्हणजे मालही गेला! धार वेळेवर लावावी. घासून अरुंद झालेले पाते बदलावे. पाते बदलताना नुसता स्विच बंद करून चालत नाही, प्लगच काढावा. बटण बंद केल्यावरही पाते काही क्षण चालत राहते, हे विसरू नये.

विजेकडेही लक्ष हवे. तीन पिनांच्या प्लगमधील लांब पिन अर्थिंगची असते. मशीनच्या धातूच्या अंगात वीज उतरली तर तिला जमिनीत जाण्याची वाट ती देते. ती तोडून दोन पिनांवर मशीन चालवणे म्हणजे कारीगराच्या जिवाशी खेळ. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवावा. वायर टेबलावर न लोळता वरून टांगलेली असावी. नाही तर पाते कधी तरी तिच्यावरूनच जाते.

रोज काम संपल्यावर प्लग काढून मोटरच्या जाळीत अडकलेले कापसाचे तंतू ब्रशने झाडावेत. तंतू साचले की हवा अडते, मोटर तापते आणि त्याच तंतूंना आग लागू शकते. तेल जेथे सांगितले असेल तेथेच, दोन-चार थेंब घालावे. जास्त तेलाचा डाग कापडावर पडतो.

या कामांना दिवसाची जेमतेम दहा मिनिटे लागतात. नगावर मजुरी घेणारा कारीगर घाईत ती वाचवू पाहील. म्हणून त्या दहा मिनिटांची मजुरी मालकाने स्वतःहून द्यावी. पाते बाजारात दुसरे मिळते. कटिंग मास्टरचे बोट मिळत नाही, आणि त्याच बोटांवर त्याच्या घरची रोजी चालते.