घाऊक ई-मेल : रांग व अग्रक्रम

एकच मजकूर एकाच वेळी शेकडो वा लाखो पत्त्यांवर रवाना केला जातो, तेव्हा त्यास घाऊक ई-मेल म्हणतात. वार्तापत्रे, बँकांची मासिक विवरणे व व्यापारी जाहिराती हे त्याचे नेहमीचे प्रकार होत. अशी पत्रे आणि एका व्यक्तीने दुसरीस लिहिलेले पत्र ही पुष्कळदा एकाच सर्व्हरमधून बाहेर पडतात. सर्व्हरला एका वेळी मर्यादित जोडण्याच उघडता येतात. उरलेली पत्रे रांगेत थांबतात. त्या रांगेत पुढे कोणी असावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटतो. परंतु काही मिनिटांतच निरुपयोगी होणारा ओटीपी जाहिरातींच्या मागे अडकून पडला म्हणजे त्याचे गांभीर्य लक्षात येते.

‘जो आधी येईल तो आधी जाईल’ हा नियम येथे पुरत नाही. पत्र स्वीकारणारा सर्व्हर बंद वा संथ असू शकतो. अशा वेळी पत्र राखून पुन्हा प्रयत्न करावा लागतो. २००८ मधील सुधारित एसएमटीपी संकेतानुसार दोन प्रयत्नांमध्ये किमान ३० मिनिटांचे अंतर असावे आणि सामान्यतः ४–५ दिवस तरी प्रयत्न चालू ठेवावेत. जुन्या यादीतील बंद पडलेले पत्ते त्यामुळे दिवसेंदिवस रांगेत साचत राहतात.

एरिक ऑलमन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात (बर्कली) तयार केलेल्या सेंडमेल या आज्ञावलीत पत्राच्या शीर्षभागातील ‘प्रिसीडन्स’ या नोंदीस स्थान होते. ‘फर्स्ट-क्लास’, ‘स्पेशल-डिलिव्हरी’, ‘बल्क’, ‘जंक’ अशा वर्गांना तीत अनुक्रमे ०, १००, –६० व –१०० असे अंक दिलेले असतात. रूढ मांडणीत पत्राचा बाइटमधील आकार घेऊन त्यात प्रत्येक प्राप्तकर्त्यामागे ३०,००० मिळवितात व वर्गांकाची १,८०० पट वजा करतात. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर आणखी ९०,००० वाढतात. ज्याची बेरीज कमी, ते पत्र पुढे. या हिशेबात ‘बल्क’ या शिक्क्यामुळे १,०८,००० ची भर पडते, म्हणजे चार प्राप्तकर्त्यांच्या भारापेक्षाही कमी. शिक्क्यापेक्षा संख्येवर अधिक विसंबणारी ही रचना व्यवहारास धरूनच होती. कारण स्वतःच्या जाहिरातीवर ‘जंक’ असे लिहिणारा प्रेषक विरळाच. प्रिसीडन्स ही नोंद प्रमाणित झाली नाही. आपोआप उत्तर देणाऱ्या आज्ञावलींनी ‘बल्क’ पत्रांना उत्तर देऊ नये, एवढाच तिचा खरा उपयोग टिकून राहिला.

डॅनिएल जे. बर्नस्टाइन यांच्या क्यूमेलमध्ये (आवृत्ती १.०, १९९७) अग्रक्रम असा नाहीच. प्रत्येक प्राप्तकर्त्यास स्वतंत्र जोडणी, बाहेरगावच्या पत्रांसाठी मुळात अशा २० जोडण्या, आणि पत्र आल्यापासून ४००, १,६००, ३,६०० सेकंदांनी याप्रमाणे वर्गाच्या प्रमाणात विरळ होत जाणारे प्रयत्न, अशी तिची साधी रीत आहे. मात्र वीसही जोडण्या संथ सर्व्हरांनी अडवून ठेवल्या, तर नवे पत्र तिष्ठत राहते.

व्हीत्से व्हेनेमा यांनी आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात तयार केलेल्या व १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोस्टफिक्समध्ये प्रयत्न फसलेल्या पत्रांची रांग वेगळी ठेवली आहे आणि एकाच गंतव्य स्थानाकडे एका वेळी उघडावयाच्या जोडण्यांवरही मर्यादा घातली आहे. तिच्यासाठी पाट्रिक राक यांनी योजलेली पद्धत विशेष उल्लेखनीय आहे. मोठ्या पत्राचे पाच प्राप्तकर्ते मार्गी लागले, की एक ‘जागा’ जमा होते. जमलेल्या जागांत मावणारे लहान पत्र मध्येच पुढे जाते. १०,००० प्राप्तकर्त्यांच्या वार्तापत्रादरम्यान सु. २,००० इतर वितरणे अशी होऊ शकतात (थोडी उसनवारीही चालते). वार्तापत्रास एकपंचमांशाच्या आसपास विलंब होतो, पण एकाकी पत्राला दहा हजारांची वाट पाहावी लागत नाही. येथे प्रेषकाच्या सांगण्यावर काहीच अवलंबून नाही.

तथापि या हिशेबालाही बगल मिळाली. परत आलेले पत्र नेमक्या कोणत्या पत्त्याचे, हे कळावे म्हणून बर्नस्टाइन यांनीच प्रत्येक प्रतीस निराळा परतीचा पत्ता देण्याची युक्ती मांडली होती. अशा वेळी, किंवा प्रत्येक प्रतीत ग्राहकाचे नाव घातले असता, लाख प्राप्तकर्त्यांचे एक पत्र न राहता एकेका प्राप्तकर्त्याची लाख पत्रे होतात आणि संख्येवरून घाऊकपणा ओळखता येत नाही. म्हणून मोठ्या संस्था घाऊक टपालासाठी स्वतंत्र रांगच नव्हे, तर स्वतंत्र सर्व्हर व आयपी पत्ताही राखतात. पत्ता सामाईक असेल, तर जाहिरातींना कंटाळलेला स्वीकारणारा सर्व्हर त्या संस्थेची सर्वच पत्रे अडवितो.

२०१२ मध्ये –९ ते ९ अशा अग्रक्रमांकांचा एसएमटीपी विस्तार प्रसिद्ध झाला. परस्परांवर विश्वास असलेल्या लष्करी वा आपत्कालीन जाळ्यांत तो योग्य ठरतो. खुल्या इंटरनेटवर प्रत्येकजण ९ हाच अंक मागेल. तेथे निर्णयाचा अधिकार हळूहळू स्वीकारणाऱ्याकडे गेला आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना आपली ओळख प्रमाणित करावी लागते आणि जाहिरातपर पत्रांत एका टिचकीने यादीतून नाव काढण्याची सोय द्यावी लागते. ज्या शिक्क्यास प्रेषक पूर्वी टाळत, तसाच एक शिक्का या सोयीच्या शीर्षनोंदीमुळे आता त्यांना स्वतःहून लावावा लागतो.